पंखाच्या मुळाशी फट दिसली म्हणून मॉडेल वाईट ठरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची चार डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची) मॉडेलं तुम्ही वर्षभरात घेतलीत, तीन १:७२ची (म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी) आणि एक १:४८चं, आणि त्यांचे फोटो पाठवलेत. त्यातल्या दोन स्पिटफायरचे (हे ब्रिटिश लढाऊ विमान) हिरवे-तपकिरी रंग एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच्या पंखाच्या मुळाशी फट दिसते, आणि नेमकं त्याच्याच डब्यात 'लिमिटेड एडिशन'चं क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र आहे. मित्र म्हणतो, फसलास. शिवाय कुणीतरी युद्धापूर्वीचं धातूचं छोटं विमान देऊ करतंय, ते घ्यावं का, हेही विचारलंय.

फसलेला नाहीत. पण फट, रंगाची छटा आणि प्रमाणपत्र यांवरून मॉडेलची पारख होत नाही, आणि तुमचं सगळं लक्ष त्या तीन गोष्टींवरच आहे. मग बघायचं कशाकडे, हा खरा प्रश्न. मी वीसेक वर्षं ही मॉडेलं जमवतोय, लोकांची मोडलेली दुरुस्त करून देतो, आणि घेण्याआधी 'जरा बघून द्या' म्हणून बरीच माझ्याकडे येतात. त्यातून माझा एक नियम ठरलाय: मॉडेल नुसत्या 'स्पिटफायर'चं नसतं, एका विशिष्ट दिवशीच्या एका विशिष्ट स्पिटफायरचं असतं. त्याच्या अंगावरच्या सगळ्या खुणा त्या एका दिवशी एकत्र असू शकत होत्या का, एवढंच मी आधी तपासतो. बाकीचं नंतर.

तरी आधी फटीचं बघू, कारण तुम्हाला झोप लागत नाहीये ती तिच्यामुळे.

डायकास्टचा भाग म्हणजे पोलादी साच्यात दाबाने भरलेला वितळलेला मिश्रधातू. तो बहुतेक वेळा झामाक असतो: मुख्यतः जस्त, त्यात सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि तांबं. या चार धातूंच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरूनच हे नाव पडलंय. ४०० अंश सेल्सिअसच्या आत तो वितळतो आणि साच्यातली बारीकशी रेघही उचलतो. प्लास्टिकचं किट जोडणारा माणूस आधी भाग चिकटवतो, सांध्यात पुट्टी भरतो, घासतो आणि शेवटी रंग देतो. डायकास्टच्या कारखान्यात क्रम उलटा असतो. सुटे भाग आधी रंगतात, त्यांवर मऊ सिलिकॉनच्या गादीने खुणा छापतात (याला टॅम्पो म्हणतात), आणि मग जोडणी होते. रंगलेल्या, छापलेल्या भागावर पुट्टी घासणार कशी? म्हणून सांधा दिसतोच. नाकाचा शेंडा, पंखाचं मूळ आणि पोटावरचं झाकण या त्याच्या ठरलेल्या जागा.

दोष कधी म्हणायचा? मॉडेल डोळ्यांच्या रेषेत धरा आणि समोरून, नाकाकडून बघा. दोन्ही पंख सारख्याच कोनात वर गेलेत का? आडवी शेपटी पंखांशी समांतर आहे का? दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का? सारखी असेल तर ती साच्याची मर्यादा. एका बाजूला कागदाची कडा शिरते आणि दुसरीकडे शिरत नाही, तर जोडणी वाकडी झालीय; असं मॉडेल मी परत करतो. तुमच्या फोटोत दोन्हीकडची फट सारखीच दिसतेय.

इथे एक हिशेब पाठ करून टाका. १:७२मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर. दोन बोटं शिरतील एवढी फट घेऊन कोणी उडालं नसतं. पंखांवर खोल कोरलेल्या पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा) पाहून लोक 'काय बारकाई आहे' म्हणतात, तेव्हा मला हा हिशेब आठवतो. मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाच्या बाबतीत तर जास्तच. मस्टँगच्या पंखावरून हवा शक्य तितकी सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यातच पंखाचे सांधे पुट्टीने बुजवून, घासून वर चंदेरी रंग देत असत. धड मात्र बऱ्याचदा उघड्या धातूचं. म्हणजे चांगल्या मस्टँगचं धड चकचकीत आणि पंख त्यापेक्षा मंद, जवळजवळ बिनरेघी हवेत. नाकापासून शेपटीपर्यंत एकसारखं चकाकणारं आणि पंखभर चर पाडलेलं मस्टँग कपाटात उठून दिसतं, पण ते बनवणाऱ्याने खरं विमान नीट पाहिलेलं नाही.

आता रंग. दोन कंपन्यांच्या स्पिटफायरच्या छटा जुळल्या नाहीत तर त्यात नवल नाही. लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो, म्हणून काही कंपन्या तो मुद्दाम फिका करतात, काही करत नाहीत. खरी विमानंही ऊन, तेल आणि धुराड्याच्या काजळीने महिन्याभरात बदलत. पिवळ्या दिव्याखाली तर हिरवा आणि तपकिरी ओळखूही येत नाहीत. तुमचा फोटो तशाच दिव्याखालचा वाटतो. तेव्हा छटेवर वाद घालू नका. रंग कोणते आणि ते केव्हाचे, यावर मात्र जरूर घाला.

ब्रिटिश लढाऊ विमानांचंच घ्या. १९४०च्या उन्हाळ्यात, जर्मन हवाई दलाशी ब्रिटनच्या आकाशात झालेल्या बॅटल ऑफ ब्रिटनच्या वेळी, वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. पोटाला त्याच वर्षी जूनपासून 'स्काय' नावाचा फिकट हिरवट रंग आला. त्याआधी एका पंखाची खालची बाजू काळी आणि दुसऱ्याची पांढरी असे. शेपटीजवळचा स्काय रंगाचा पट्टा आणि त्याच रंगाचं नाकाचं टोपण नोव्हेंबर १९४०च्या अखेरीस आलं. ब्रिटिश हिशेबाने ती लढाई ३१ ऑक्टोबरला संपली होती. म्हणजे डब्यावर 'बॅटल ऑफ ब्रिटन, ऑगस्ट १९४०' छापलंय आणि शेपटीजवळ तो पट्टा आहे, तर दोन्हींतलं एक चूक. तपकिरीच्या जागी करडा रंग आणि पंखांच्या पुढच्या कडेला पिवळी पट्टी ऑगस्ट १९४१ची. हिरव्या-करड्या रंगाचं 'बॅटल ऑफ ब्रिटन'चं स्पिटफायर दिसलं की मी ते न बोलता परत ठेवतो.

अमेरिकन विमानांवर ताऱ्याकडे बघा. ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे १९४२मध्ये काढला, कारण पॅसिफिकमध्ये घाईगर्दीत तो जपानी लाल गोळ्यासारखा वाटे. दोन बाजूंचे पांढरे आयत आणि भोवतीची लाल किनार जून १९४३च्या अखेरची. काही आठवड्यांतच ती लाल किनारही निळी झाली. म्हणजे लाल किनारीचा तारा असलेलं विमान १९४३च्या उन्हाळ्याच्या आसपासचं, हे डबा न उघडताही सांगता येतं.

आणि नॉर्मंडीच्या स्वारीचे, म्हणजे दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं त्या वेळचे, काळे-पांढरे पट्टे. ते माझे सर्वांत आवडते, कारण त्यांना मोजपट्टी लावता येते. तीन पांढरे, दोन काळे, आणि एकइंजिनी लढाऊ विमानावर प्रत्येकाची रुंदी १८ इंच. १८ भागिले ७२ म्हणजे बरोबर पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. १:४८मध्ये साडेनऊ. बेत गुप्त राहावा म्हणून हे पट्टे ६ जून १९४४च्या आधीच्या दोन-तीन दिवसांत, मिळेल त्या ब्रशने मारलेले. खऱ्या फोटोंत त्यांच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, कुठे खालचं अक्षर चुकवायला पट्टा वळवलाय. मॉडेलवरचे पट्टे आखून काढल्यासारखे सरळ असतात, त्याला इलाज नाही. पण महिनाभरात वरच्या बाजूचे पट्टे काढायला सुरुवात झाली आणि वर्षअखेरीपर्यंत सगळेच गेले. वर-खाली पूर्ण पट्टे असलेलं मॉडेल घेतलंत की त्याची तारीख जून १९४४च्या आसपास पक्की झाली, मग त्यावरचं बाकी सगळं त्या महिन्याशी जुळायला हवं.

हे न जुळणं येतं कुठून? इथेच या धंद्याची मेख आहे. पोलादी साचा अतिशय महाग, टॅम्पोची पाटी त्यामानाने किरकोळ. म्हणून एकदा साचा केला की त्यातून दहा-पंधरा वेगवेगळ्या वैमानिकांची विमानं काढायची, फक्त खुणा बदलायच्या. प्रसिद्ध वैमानिक खपतात. एखाद्याचं विमान वेगळ्या उपप्रकाराचं असलं तरी हाताशी असलेल्याच साच्यावर त्याची अक्षरं छापायचा मोह होतो. खूण बरोबर, अंग चुकीचं.

स्पिटफायरचं अंग तपासायला ते उलटं करा. पोटाकडून बघितल्यावर दोन्ही पंखांखाली चौकोनी पेट्या दिसतील. मार्क (म्हणजे उपप्रकार) वन, टू आणि फाइव्हला वैमानिकाच्या उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर आणि डाव्याखाली छोटा ऑइल कूलर असतो. १९४२मध्ये आलेल्या मार्क नाइनला दोन्हीकडे सारख्याच मोठ्या पेट्या. (मॉडेल उलटं धरलं की डावं-उजवं बदलतं. याच घोळात मी एकदा एका सद्गृहस्थांना त्यांचं अगदी योग्य मॉडेल चुकीचं म्हणून सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो.) मग प्रोपेलरची पाती मोजा: १९४०च्या मार्क वन-टूला आणि मार्क फाइव्हला सर्वसाधारणपणे तीन, नाइनला चार, ग्रिफन इंजिनाच्या मार्क फोर्टीनला पाच. ग्रिफन हे आधीच्या मार्कांतल्या मर्लिन इंजिनाच्या उलट दिशेने फिरतं, म्हणून त्याच्या पात्यांचा पीळही उलटा. दुरुस्त केलेल्या मॉडेलवर भलत्याचाच प्रोपेलर बसवलेला असला तर तो तिथे पकडता येतो.

जर्मन मेसरश्मिट १०९चं त्याहून सोपं. ई प्रकाराच्या पंखांची टोकं कापल्यासारखी आणि आडव्या शेपटीला खालून तिरक्या टेकूकाड्या. एफपासून टोकं गोल, टेकू गायब. जी-६च्या नाकावर, कॉकपिटच्या पुढे, दोन्ही बाजूंना मोठ्या मशीनगनच्या जागेसाठी आलेले फुगवटे. अमेरिकन थंडरबोल्टची फुग्यासारखी पारदर्शक कॅनॉपी (कॉकपिटवरचं झाकण) १९४४ची, त्याआधी कॉकपिटमागे धारदार पाठ होती. अमेरिकन वैमानिक फ्रान्सिस गॅब्रेस्कीचं एचव्ही-ए अक्षरांचं थंडरबोल्ट तुम्हाला दिसेलच, ते फार खपतं: फुगा-कॅनॉपीचं, कॉकपिटखाली २८ विजयांच्या खुणा. २० जुलै १९४४ला जमिनीलगत हल्ला करताना त्याच्या प्रोपेलरची पाती जमिनीला घासली, विमान शेतात उतरवावं लागलं आणि तो कैद झाला. अठ्ठावीस खुणांचं ते रूप म्हणजे त्या महायुद्धातल्या त्याच्या उड्डाणांचे शेवटचे थोडे दिवस. त्याच्याच नावाचं धारदार पाठीचं मॉडेल अठ्ठावीस खुणांसकट मिळालं तर समजून जा.

एकच विमान दोनदा घेण्यातही गंमत असते. अमेरिकन वैमानिक क्लॅरन्स 'बड' अँडरसनचं 'ओल्ड क्रो' हे मस्टँग आधी हिरवं होतं. १९४४च्या हिवाळ्यात, बर्फावर हिरवं विमान उठून दिसतं असं त्याने जमिनीवरच्या सहकाऱ्यांना बोलून दाखवलं, आणि त्यांनी रातोरात कडाक्याच्या थंडीत खरवडून ते धातूच्या रंगाचं करून ठेवलं. माझ्याकडे दोन्ही रूपं शेजारी आहेत. पाहुण्यांना वाटतं, चुकून एकच दोनदा घेतलं.

स्केलबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, ते जागेवर आणि तुम्हाला काय बघायला आवडतं त्यावर आहे. १:७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच, १:४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच. ११.२३ मीटर पंखांचं स्पिटफायर पहिल्यात साडेपंधरा सेंटिमीटरचं, दुसऱ्यात तेवीस-साडेतेवीसचं. दोन इंजिनांचं लाइटनिंग १:४८मध्ये ३३ सेंटिमीटर होतं, तेव्हा कपाटाची खोली आधी मोजा. १:४८मध्ये कॉकपिट बघण्यासारखं असतं, पण सांधे आणि चुकाही तितक्याच मोठ्या दिसतात. १:७२मध्ये कॉर्गी कंपनीची एव्हिएशन आर्काइव्ह मालिका आणि हॉबी मास्टर ही कंपनी यांच्यामुळे निवड कितीतरी मोठी आहे. माझा आग्रह एवढाच की काहीही घ्या, पण एकच धरा. पावणेचौदा सेंटिमीटरच्या मेसरश्मिट ई शेजारी सव्वासतरा सेंटिमीटरचं थंडरबोल्ट त्याच स्केलमध्ये ठेवलं की ते धूड केवढं होतं ते न सांगता कळतं. स्केल मिसळलं की ते जातं. तुमचं ते एकुलतं १:४८ वेगळ्या फळीवर ठेवा.

प्रमाणपत्राचं फार मनावर घेऊ नका. 'लिमिटेड' म्हणजे कितीला मर्यादित, हा आकडा छापलेला असेल तर निदान काही अर्थ. पण तोच साचा पुढच्या वर्षी वेगळी अक्षरं लावून परत येतोच. पुढेमागे कोणी विकत घेताना बघतो ती विमानाची प्रसिद्धी, डबा, स्टँड, सुटी चाकं-झाकणं पूर्ण आहेत का, आणि अँटेना मोडलेली नाही ना. त्यातही अमुक किंमत येईलच असं मी कुणाला सांगत नाही. पैसे वाढवण्यासाठी घेणार असाल तर हा छंद सोडा.

जुन्या विमानाबद्दल मात्र जपून. १९२० आणि ३०च्या दशकांतल्या जस्ताच्या ओतकामात पुष्कळदा शिशाची भेसळ असे. झामाकसाठी जस्त अतिशुद्ध लागतं. किंचित शिसं, कथील किंवा कॅडमियम मिसळलं तरी धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत गंज पसरतो. याला जस्ताची कीड म्हणतात. आधी रंगाखाली फोड, मग केसाएवढ्या चिरा, भाग फुगतो, पंख खाली झुकतात, आणि एक दिवस उचलताना शेपटी बोटांत राहते. दमट आणि उबदार हवेत हे भरभर होतं. नावात कीड असली तरी ती संसर्गजन्य नाही, शेजारच्या मॉडेलला लागत नाही. पण बरीही होत नाही. गोंदाने फक्त तुकडे एकत्र राहतात.

म्हणून देऊ केलेलं विमान दिवसाउजेडी भिंगाखाली बघा. पंखाचं मूळ, चाकांच्या जागा, ओतकामाच्या खाचा. पंखाची कडा मोजपट्टीवर ठेवा. वाक आलाय का? रंग नुकताच दिल्यासारखा वाटला तर खाली काय झाकलंय असं विचारा. १९४०मध्ये ब्रिटनमध्ये स्पिटफायर फंडासाठी (लढाऊ विमानं बांधायच्या वर्गणीसाठी) विकलेल्या, डिंकी या खेळण्यांच्या कंपनीच्या छोट्या स्पिटफायरसारखी इतिहासातली वस्तू असेल तर चिरा असूनही ती ठेवावीशी वाटेल, ते समजू शकतं. तेव्हा ती फुटणारी वस्तू आहे हे मान्य करून घ्या, आणि हाताळू नका. आजच्या मॉडेलांत ही कीड क्वचित दिसते, पण भेसळीचा धातू वापरला तर तीही सुटत नाहीत.

ठेवण्याबद्दल माझी एक चूक सांगतो. मी नवं कोरं लाकडी कपाट करून घेतलं, वास जायच्या आधीच मॉडेलं मांडली आणि काच घट्ट लावली. पाचेक महिन्यांनी स्टँडच्या भोकाच्या रंग नसलेल्या कडांवर पांढरी भुकटी जमलेली दिसली. ताजं लाकूड, विशेषतः ओक, तसंच प्लाय आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ निघते, ती जस्ताला खाते. आता कपाट आधी महिनोन् महिने उघडं वाळवतो, आत सिलिका जेल ठेवतो, थेट ऊन येऊ देत नाही. डब्यातला फोम रंगाला चिकटतो आणि मऊ रबरी चाकं कॅनॉपीला टेकली तर प्लास्टिक विरघळल्यासारखा डाग पडतो, म्हणून डब्यात ठेवायचं असल्यास मध्ये पातळ, आम्लरहित कागद घाला. धूळ मऊ मेकअपच्या ब्रशने झटका. थिनर, स्पिरिट, काच पुसायचं द्रव यांपैकी काहीही टॅम्पोच्या अक्षरांना लावू नका. उचलताना पंखाच्या मुळाशी, धडाला धरा. धातू जड आहे पण पाय, पाती, बंदुकीच्या नळ्या प्लास्टिकच्या आहेत. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांपैकी बहुतेक याच ठिकाणी मोडलेली असतात.

तर तुमच्या चारांचं काय? फट असलेलं ठेवा, जोडणी सरळ आहे. १:४८ आवडत असेल तर ठेवा, पण त्याला जोड घेऊ नका. दुसऱ्या स्पिटफायरबद्दल मला जरा शंका आहे. फोटोत शेपटीजवळ पट्टा दिसतोय आणि डब्यावरची तारीख अर्धी कापली गेलीय. उद्या सकाळी खिडकीजवळ ते उलटं करून दोन्ही पंखांखालच्या पेट्यांचा एक फोटो काढा आणि डब्याच्या त्या बाजूचा दुसरा. दिव्याखाली नको.